पाणी न पाजलेलं पातं

घडीच्या चाकूला गंज चढतो तो आधी बिजागरीत, पात्यावर नंतर. पातं डोळ्यांसमोर असतं, फडक्याने पुसता येतं. पण पातं जिथे पिनेभोवती फिरतं, तिथे वॉशर आणि लायनर (मुठीच्या आतला धातूचा पत्रा) यांच्यामधल्या केसभर फटीत खारं पाणी एकदा शिरलं की त्याला बाहेर पडायला वाट नसते. चाकू मिटवला, खिशात टाकला, की ओल, मीठ आणि घाम सगळं आत कोंडून राहतं. महिन्याभराने उघडायला जावं तर पातं कुरकुरतं, अर्ध्यावर अडतं. खोलून पाहिलं तर पिनेवर तांबूस काळी पूड जमलेली. मुठीत कायमच्या बसवलेल्या सरळ सुरीला हा त्रास नाही. म्हणून घडीच्या चाकूचं पातं कोणत्या धातूचं असावं, हा प्रश्न मी धारेपासून सुरू करत नाही, बिजागरीपासून करतो. आणि तिथून सुरू केलं की पोलाद बाजूला ठेवून कोबाल्टच्या मिश्रधातूकडे वळावंसं वाटतं. गेली बरीच वर्षं मी इंडियानातल्या माझ्या गॅरेजमध्ये अशी पाती घासतो आहे. या धातूबद्दल ऐकीव गोष्टी फार पसरल्या आहेत. काही त्याला डोक्यावर घेणाऱ्या, काही मोडीत काढणाऱ्या. हाताखालून गेलेल्या कामावरून मला जे समजलं, ते लिहितो.

कोबाल्टचं पातं म्हणजे निव्वळ कोबाल्टचं नव्हे. मी वापरतो तो स्टेलाइट ६के नावाचा पत्रा. त्यात ३० टक्क्यांच्या आसपास क्रोमियम, साडेचार टक्क्यांच्या आसपास टंगस्टन, १.६ टक्क्यांच्या आसपास कार्बन आणि उरलेला बहुतेक सगळा कोबाल्ट. लोखंड फार तर तीन टक्के. स्टेनलेस पोलादात क्रोमियम असतंच, पण कार्बन जास्त असेल तर त्यातलं बरंचसं क्रोमियम कार्बाइडच्या कणांत अडकून पडतं आणि गंजापासून राखण करायला थोडंच मोकळं उरतं. इथे मुळात क्रोमियमच इतकं आहे की कार्बाइड बांधून झाल्यावरही भरपूर शिल्लक राहतं. शिवाय गंजायला लोखंड जवळजवळ नाहीच.

या धातूची माझी ओळख मात्र चाकूमुळे झाली नाही. ऐंशीच्या दशकात धातुशास्त्राचा डिप्लोमा घेऊन मी भोसरीच्या एमआयडीसीत एका जॉबवर्कच्या शेडमध्ये लागलो. व्हॉल्व्हच्या बसणाऱ्या कडेवर स्टेलाइट भरायचं काम तिथे चाले. इंजिनाचे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, वाफेच्या लाइनीतले व्हॉल्व्ह, ज्यांना उष्णता, घर्षण आणि गंज ही तिन्ही दुखणी एकदम सोसावी लागतात, ते सगळे यायचे. आमचे वेल्डिंगचे मिस्त्री फारसे शिकलेले नव्हते, पण त्यांच्यासारखी ज्योत लावणारा माणूस मी पुढे अमेरिकेतही क्वचितच पाहिला. ऑक्सिजन कमी, ॲसिटिलीन जास्त. ज्योतीच्या आतल्या पांढऱ्या शंकूभोवती एक लांब पिसारा दिसला पाहिजे, शंकूच्या तिप्पट. त्या ज्योतीखाली पोलादाचा पृष्ठभाग तापतो, ज्योतीतला कार्बन वरच्या थराला लागतो आणि तेवढाच पातळ थर वितळण्याच्या बेताला येतो. लाल झालेल्या पोलादावर एकाएकी ओलसर तकाकी चढते. मिस्त्री ओरडायचे, "घाम फुटू दे, घाम! मग कांडी लाव." त्या क्षणाआधी कांडी लावली तर स्टेलाइट नुसता वर बसतो, धरत नाही. उशीर झाला तर खालचं लोखंड वितळून त्यात मिसळतं आणि महागाचा धातू वाया जातो. काम झालं की तो गरम जॉब राखेत पुरायचा, रात्रभर हळूहळू निवायला. घाई केली की कडेला तडा.

पावसाळ्यात त्या शेडमध्ये सगळ्यावर गंज चढायचा. पत्र्यावर, पान्यांवर, व्हाइसवर, तयार होऊन पाठवायच्या राहिलेल्या जॉबवर. स्टेलाइटच्या कांड्यांचे तुकडे मात्र ओल्या जमिनीवर पडून राहिले तरी जूनमध्ये जसे असत तसेच सप्टेंबरात. घासताना पोलादासारखा ठिणग्यांचा फवाराही उडत नसे. आखूड, मंद, तांबड्या रेघा निघायच्या आणि विझायच्या. चाकावर हात असणारा माणूस ठिणगीवरूनच हा धातू ओळखतो.

पुढे नोकरीने मला इंडियानात आणलं. तिथे कोकोमो नावाचं एक मध्यम आकाराचं औद्योगिक गाव आहे. आमच्या धातूचा जन्म याच गावातला. एलवूड हेन्स हा मूळचा इंडियानाचाच, १८५७ मध्ये जन्मलेला. वूस्टरच्या तंत्रशिक्षण संस्थेत शिकताना त्याने प्रबंध लिहिला तो लोखंड आणि पोलाद यांवर टंगस्टनचा काय परिणाम होतो यावर. नोकरी नैसर्गिक वायूच्या कंपनीत. १८९४ च्या ४ जुलैला कोकोमोबाहेरच्या रस्त्यावर त्याने स्वतः आखलेली मोटार चालवून दाखवली आणि अमेरिकेतल्या पहिल्या मोटारकर्त्यांत त्याचं नाव लागलं. पण मला त्याच्या मोटारीपेक्षा त्याची भट्टी अधिक जवळची वाटते. न काळवंडणारा, न गंजणारा आणि तरीही धार धरणारा धातू त्याला हवा होता. घरच्या जेवणाच्या टेबलावरचे सुरी-काटे काळे पडू नयेत, एवढी साधी इच्छा त्यामागे होती असं सांगतात. १९०७ मध्ये कोबाल्ट-क्रोमियमच्या मिश्रधातूचं पेटंट त्याला मिळालं. मग त्यात टंगस्टन घालून त्याने तो आणखी कणखर केला. हाच स्टेलाइट. कोकोमोतलं त्याचं राहतं घर आता संग्रहालय आहे. इंडियानात येणाऱ्या कोणाही मराठी इंजिनिअरने ते पाहावं, असं मी आग्रहाने सांगतो. एका माणसाच्या चिकाटीतून एक धातू कसा उभा राहतो, ते तिथे समजतं.

सुरी-काट्यांसाठी शोधलेल्या या धातूचं नशीब मात्र दुसरीकडेच फळफळलं. लाल होईपर्यंत तापला तरी तो आपली कठिणता फारशी सोडत नाही, म्हणून लेथच्या हत्याराला तो उत्तम ठरला. पहिलं महायुद्ध पेटलं, तोफगोळे घडवणाऱ्या कारखान्यांना वेगाने कातणारी हत्यारं हवी होती, आणि स्टेलाइटला मागणीच मागणी आली. सुरुवातीचा कोबाल्ट कॅनडातल्या ऑन्टारिओमधल्या चांदीच्या खाणींतून येई. १९२० मध्ये हेन्सने आपला स्टेलाइटचा कारखाना युनियन कार्बाइडला विकला. कटलरीचं काय झालं? १९१३ मध्ये इंग्लंडात शेफिल्डला हॅरी ब्रिअर्लीने क्रोमियम घातलेलं, पाणी पाजता येणारं स्टेनलेस पोलाद ओतलं. हेन्सही स्वतंत्रपणे त्याच वाटेने चालला होता. दोघांचे पेटंटचे दावे एकमेकांना आडवे आले आणि अखेर अमेरिकेत ते एकाच कंपनीखाली एकत्र झाले. स्वस्त, कठीण आणि पुरेसं न गंजणारं हे पोलाद आलं आणि जेवणाच्या टेबलावरून कोबाल्ट उतरला. ज्याने तो तिथे नेण्यासाठी धडपड केली, त्याच्याच दुसऱ्या शोधाने त्याची जागा घेतली. धातूंच्या इतिहासातली ही गोष्ट मला फार मोलाची वाटते, कारण पुढे शंभर वर्षं चाकूवाल्यांचा जो वाद चालला आहे तो सगळा तिच्यात आहे. पुरेसं न गंजणारं आणि मुळीच न गंजणारं, या दोहोंत किती अंतर आहे आणि त्या अंतराचे पैसे कोण मोजणार?

ते पैसे मोजायला तयार असलेली माणसं निघाली ती समुद्रावर. अमेरिकेत डेव्हिड बॉय या चाकूकाराने कोबाल्टची पाती ओतून बनवली आणि शिडाच्या होड्या चालवणाऱ्यांनी ती उचलून धरली. ओतकामात कार्बाइडचं जे फांद्याफांद्यांचं जाळं तयार होतं, ते त्याने मुद्दाम तसंच राखलं. काही कारागिरांनी टॅलोनाइट या नावाने गरम लाटलेल्या पत्र्यापासून पाती काढली. होडीवाल्यांना याचा आणखी एक फायदा होता. हा धातू चुंबकाला ओढला जात नाही. होकायंत्राशेजारी ठेवला तरी सुई हलत नाही.

आता कामाबद्दल. पोलादाच्या पात्याला दोन अवस्था असतात. आधी ते मऊ असतं, तेव्हा कापा, भोकं पाडा, कानस लावा. मग चांगलं तापवून पाणी पाजायचं, की ते कडक होतं. लोहाराची सगळी विद्या त्या एका क्षणात. कोबाल्टच्या पत्र्याला मऊ अवस्थाच नाही. कारखान्यातून येतो तो जसा आहे तसाच अखेरपर्यंत राहतो. पाणी पाजायचं नाही, म्हणून पातं वाकडं होण्याची, तडकण्याची धास्ती नाही. घडीच्या चाकूत ही मोठी सोय आहे, कारण तिथे सगळा खेळ बसणीचा असतो. पिनेचं भोक, लॉक जिथे भिडतो तो पात्याच्या शेपटीचा उतार, पातं मिटल्यावर टेकतं ती खाच, यांत बारीकसा फरक पडला तरी पातं डुलतं. पोलाद पाणी पाजल्यावर थोडं हलतं, म्हणून बसणी पुन्हा करावी लागते. कोबाल्टची बसणी एकदा केली की झाली.

पण ती एकदा करणं सोपं नाही. कडक झालेल्या पत्र्यात भोक पाडायचं आहे हे विसरून चालत नाही. त्यात हा धातू दाबाखाली आणखी कडक होतो. ड्रिल एका जागी घुटमळलं, नुसतं घासलं, कापलं नाही, की भोकाच्या तळाशी काचेसारखी चकाकी चढते. मग तिथून पुढे ड्रिल जात नाही, तुटतं. कार्बाइडचं ड्रिल, मशीन घट्ट, पत्रा पक्का धरलेला, वेग कमी आणि दाब सलग, मध्ये श्वास घ्यायला थांबायचं नाही. कापलेला कीस पिळदार आणि चमकता बाहेर येत राहिला पाहिजे. कीस थांबला आणि पूड येऊ लागली की समजायचं, आता ड्रिल बदला. घासण्याचं तेच. चांगले सिरॅमिकचे पट्टेसुद्धा यावर लवकर गुळगुळीत होतात आणि कापायचे सोडून तापवायला लागतात. पोलाद घासताना पातं निळं पडलं तर धारेची कठिणता गेली म्हणून आम्ही घाबरतो. इथे ती भीती नाही, पण बोटं भाजतात, कारण उष्णता पात्यातून लवकर पसरत नाही, जिथे घासता तिथेच साचते.

पातं कोबाल्टचं आणि बाकी सगळं साध्या पोलादाचं, असा चाकू केला तर पैसे वाया. कोबाल्टसारख्या न गंजणाऱ्या धातूला साधं पोलाद चिकटून बसलं आणि दोघांमध्ये खारं पाणी आलं की पोलादच अधिक वेगाने झिजतं. मागच्या पोलादी स्प्रिंगवर चालणारा जुन्या पद्धतीचा चाकू मी म्हणूनच या धातूत करत नाही. लायनर टायटॅनियमचे, लॉकही त्याच लायनरमधून कापलेला, पिन टायटॅनियमची, वॉशर फॉस्फर ब्राँझचे. आणखी एक गुण इथे कामी येतो, आणि तो भोसरीतच कळला होता. धातूवर धातू घासला की पृष्ठभाग ओरबाडला जाण्याची, एकमेकांना चिकटण्याची खोड या मिश्रधातूला फार कमी. व्हॉल्व्हच्या सीटवर तो भरतात त्यामागे हेही एक कारण. चाकूची बिजागरी म्हणजे धातूवर धातूचं रोजचं घासणंच.

आता धार. चाकूवाल्यांचं जग कठिणतेच्या आकड्यावर चालतं. अटलांटाला दर जूनमध्ये ब्लेड शो नावाचं मोठं प्रदर्शन भरतं. तिथे टेबलाशी येणारा माणूस पातं उघडतो, नखावर धार पाहतो आणि विचारतो, "रॉकवेल किती?" आजच्या चांगल्या पोलादाचं उत्तर ६० ते ६२ असतं. माझं उत्तर ४५ च्या आसपास. बरेच जण चाकू तिथेच ठेवून पुढे जातात. काहींना मी थांबवतो आणि टेबलाखालून अंगठ्याएवढा जाड मनिला दोर काढून त्यांच्या हातात देतो. "कापत राहा, धार बोथटली वाटेल तेव्हा सांगा." लोक कापतात, पुन्हा कापतात, आणि मग चाकू उलटसुलट करून बघतात.

रॉकवेलची कठिणता म्हणजे एक हिऱ्याचं टोक दाबून सरासरी काढलेला आकडा. कोबाल्टच्या पात्यात दोन गोष्टी शेजारी शेजारी आहेत, मऊसर कोबाल्टचं शेत आणि त्यात रुतलेले क्रोमियम कार्बाइडचे अतिशय कठीण, जाडसर कण. पॉलिश करून, आम्लात बुडवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं की करड्या पार्श्वभूमीवर फिकट रंगाचे हे कण बेटांसारखे उठून दिसतात. हिऱ्याचं टोक दाबलं की मऊ भाग दबतो आणि आकडा खाली येतो. दोर कापताना मात्र मऊ भाग आधी थोडा झिजतो आणि कार्बाइडचे कण कडेवर उघडे पडतात. धार गुळगुळीत होण्याऐवजी खरखरीत होत राहते. जात्याला टाकी लावायला माणूस बोलवावा लागतो, नाहीतर गुळगुळीत झालेलं जातं दाणे नुसते फिरवतं. ही धार आपली टाकी आपणच लावून घेते. म्हणून दोर, जाळी, पुठ्ठा, चामडं अशा तंतुमय वस्तूंवर तिला तोड नाही. दगडावर लावतानाही हे ध्यानात ठेवावं. आरशासारखी पॉलिश धार इथे कामाची नाही. मध्यम जाडीच्या हिऱ्याच्या पट्टीवर लावा, धारेवर उरलेला चिवट पापुद्रा, म्हणजे बर, नीट उतरवा आणि तिथेच थांबा.

ही झाली जमेची बाजू. उण्याची बाजूही तितकीच खरी आहे. पितळेच्या गोल सळीवर पात्याची कड हलकेच दाबून सरकवली की कड किंचित वाकताना दिसते. चांगलं पाणी पाजलेलं पोलाद सळी सरकली की परत सरळ होतं. कोबाल्टची पातळ कड वाकली की वाकलेलीच राहते. हाड, तार, खिळा, पुठ्ठ्यातली स्टेपलची पिन यांना ती लागली की तिथे चमकणारा एक वळलेला ठिपका दिसतो. त्यामुळे धारेचा कोन जाड ठेवावा लागतो, एका बाजूला २० अंशांच्या खाली मी जात नाही. मग कागद चिरायला, टोमॅटोच्या चकत्या करायला पातळ पोलादी पात्याची जी मजा असते, ती यात येत नाही. वजनही जरा जास्त. आणि ज्याला पात्याच्या टोकाने झाकणं उचकटायची सवय आहे, त्याच्या हातात हा चाकू देऊ नये.

गावी मालवणला येतो तेव्हा एखाद-दुसरा चाकू बरोबर असतो. ओळखीच्या एका तांडेलाला मी असाच एक दिला होता. त्याचा संबंध दोरांशी, जाळ्यांशी, खाऱ्या पाण्याशी. चाकू धुवायला, पुसायला सांगितलं नाही, उलट मुद्दाम सांगितलं नाही. जूनमध्ये मासेमारी बंद झाल्यावर तो चाकू घेऊन आला.

"गंजूक नाय काका. पण तारेर मारलंय तेवां तोंड वळलां."

"कधी धुतलास का रे?"

"धुवूक येळ खंय?"

ओट्यावर बसून चाकू खोलला. लायनरच्या आत मीठ, दोराचे तंतू आणि वाळलेले खवले यांचा थर बसला होता. ब्राँझचे वॉशर हिरवट पडले होते. टायटॅनियमची पिन स्वच्छ. पात्याच्या शेपटीवरचा थर ओल्या फडक्याने पुसला तर खाली मी घासलेल्या पट्ट्याच्या रेघा जशाच्या तशा दिसल्या. कडेला मात्र टोकाकडच्या भागात तारेने केलेली मोड होती, नखाला सहज लागणारी. ती मी घासून काढली. दोर कापणारा उरलेला भाग खरखरीत होता आणि अजून कापत होता. त्या पात्याचे गुण-दोष असे एकाच हंगामात, एकाच कडेवर शेजारी शेजारी उमटले होते.

हा लेख मी २० वर्षांपूर्वी लिहिला असता तर खाऱ्या पाण्यासाठी कोबाल्टच, दुसरं काही नाही, असं ठामपणे लिहिलं असतं, आणि तेव्हा ते बरंचसं खरंही होतं. आज तसं म्हणणं पोलादावर अन्याय होईल. जपानी एच-१ सारख्या पोलादात कार्बन फारच कमी असतो आणि ते मिठाला दाद देत नाही. एलसी२००एन मध्ये कार्बनची जागा बरीचशी नायट्रोजनला दिलेली असते, आणि ते अधिक कठीण. २०२१ मध्ये लॅरिन थॉमस या धातुशास्त्रज्ञाने मॅग्नाकट आणलं. त्याने पोलादातून क्रोमियमचे कार्बाइडच वगळले, म्हणजे सगळं क्रोमियम राखणीला मोकळं राहिलं, आणि धार धरायला व्हॅनेडियम-नायोबियमचे बारीक कार्बाइड ठेवले. कठिणता ६० च्या वर, कड पातळ ठेवता येते, वाकली तर परत येते, आणि गंजाला विरोधही उत्तम. रोजच्या खिशातल्या चाकूसाठी कोणी मला विचारलं तर मी आता हेच सुचवतो आणि स्वतःही तेच वापरतो. हेन्सच्या काळात स्टेनलेस पोलादाने कोबाल्टला टेबलावरून उठवलं, आमच्या काळात नायट्रोजनच्या आणि नव्या पोलादांनी त्याला बहुतेक खिशांतून उठवलं. मला याचं वाईट वाटत नाही. चांगलं पोलाद घडवणाऱ्यांनी हे कमावलेलं आहे.

तरीही दिवसभर दोर कापणारा, चाकू न पुसणारा, होकायंत्राजवळ बसणारा माणूस उरतोच. त्याच्यासाठी मी आजही कोबाल्टच घासतो. पाणबुड्यांसाठी, शिडाच्या होडीवाल्यांसाठी, मालवण-देवगडच्या खलाशांसाठी.

या धातूच्या किमतीबद्दल बोलताना फक्त डॉलरचा हिशेब करू नये. जगातल्या खाणींतून निघणाऱ्या कोबाल्टपैकी सुमारे ७० टक्के आज काँगोच्या लोकशाही प्रजासत्ताकातून येतो, मुख्यतः कोल्वेझीच्या आसपासच्या तांब्याच्या पट्ट्यातून. तिथला काही माल हाताने खणलेल्या बिळांतून निघतो आणि त्या बिळांत मुलंही उतरतात, हे वारंवार नोंदवलं गेलं आहे. माझ्या एका पात्यात अर्धा छटाकही कोबाल्ट नसतो आणि एका विजेच्या गाडीच्या बॅटरीत तो किलोंनी असू शकतो, हे खरं. पण त्याने माझा प्रश्न सुटत नाही. मी नवा पत्रा शक्यतो घेत नाही. पंपांचे आणि व्हॉल्व्हचे भाग बनवणाऱ्यांकडे पत्रा कापून उरलेल्या पट्ट्या निघतात, त्या वजनावर घेतो. घडीच्या चाकूचं पातं लहान असतं, त्यात ते बसून जातं. जे आधीच खणलं गेलं आहे त्यातून काम भागत असेल तर नव्या खाणीला मागणी कशाला द्यायची, हा माझा साधा नियम आहे, आणि ज्या कारागिराला परवडेल त्याने तो पाळावा असं मला मनापासून वाटतं.

शेवटची गोष्ट धुळीची. ती मी मुद्दाम शेवटी ठेवली, कारण पुण्या-कोल्हापुरातली अनेक तरुण मुलं आता घरच्या घरी चाकू बनवतात आणि एकमेकांचं पाहून नवे धातू घेतात. कोबाल्टची बारीक धूळ फुप्फुसात गेली की दम्यासारखा त्रास होतो, फुप्फुसं कायमची घट्ट होऊ शकतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने कोबाल्ट धातूला माणसात बहुधा कर्करोग करणाऱ्या पदार्थांत धरलं आहे. काहींच्या कातडीला कोबाल्टची ॲलर्जीही असते, हातावर चट्टे उठतात. भोसरीच्या त्या शेडमध्ये आम्ही ग्राइंडिंग करताना नाकाला फार तर रुमाल बांधायचो, आणि तेव्हा आम्हाला हे कोणी सांगितलं नव्हतं. तुम्हाला सांगतो आहे. हा धातू कोरडा घासू नका, पट्ट्यावर पाण्याची धार ठेवा. कापडी मास्क चालत नाही, बारीक धूळ अडवणारा फिल्टरचा, तोंडावर घट्ट बसणारा मास्क लागतो. घासलेला चिखल वाळू देऊ नका, झाडूने झाडू नका, ओला गोळा करा. कामाचे कपडे घरातल्या कपड्यांबरोबर धुऊ नका. हे सगळं जमणार नसेल तर चांगलं स्टेनलेस पोलाद घ्या, त्याचे चाकूही उत्तम होतात, मात्र मास्क तेव्हाही लावा. जमणार असेल, तर आधी मास्क विकत घ्या आणि मगच पत्रा.